राग नव्हे, दुसरंच काहीतरी

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक कंपासपेटी भिंतीवर आपटली. आतला कर्कटक वाकला, कोनमापकाचे दोन तुकडे झाले आणि भिंतीचा पोपडा निघाला. कंपासपेटी माझ्या मुलाची. तो पंधरा वर्षांचा, यंदा दहावीत. इथे तमिळनाडूत तिमाही परीक्षा सप्टेंबरात होते आणि सुट्टी संपून शाळा उघडली की तपासलेले पेपर हातात पडतात. त्या दिवशी गणिताचा पेपर मिळाला होता.

मी काय केलं तेही सांगते. या सदरात मी पालकांना नेहमी चार गोष्टी सांगत असते, तर माझ्या घरात त्यातलं किती जमतं हे तुम्हाला कधीतरी कळायला हवं. मी म्हणाले, "एवढ्याशा मार्कांवरून एवढा राग?" मग भिंतीकडे पाहून आणखी दोन वाक्यं. त्यातलं एक 'आमच्या वेळी' असं सुरू होणारं. तो म्हणाला, "उनक्कु ओण्णुम् पुरियादु." तुला काही कळत नाही. आणि दार बंद.

माझं माहेर सांगलीचं, सासर तंजावरचं. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात इथे भोसल्यांचं राज्य उभं केलं, त्यानंतर कावेरीच्या काठी येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी हे एक. घरात मराठी, पण तीत तमिळ शब्द इतके मुरलेले की लग्नानंतर पहिलं वर्षभर मी निम्मं अंदाजानेच समजून घेत होते. मुलाच्या तोंडी तीन भाषा आहेत. आजीशी मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. भांडायचं असलं की तो तमिळमध्ये शिरतो, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

सासूबाई त्या दिवशी मुरुंगैकीरै, म्हणजे शेवग्याचा पाला घेऊन बसल्या होत्या. हा पाला निवडणं म्हणजे कंटाळ्याचं काम. पानं अगदी बारीक, प्रत्येक काडीवरून ओरबाडून काढायची. थोड्या वेळाने त्यांनी परात उचलली आणि त्याच्या दारापाशी जाऊन बसल्या. हाक मारली नाही, काही विचारलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी दार किलकिलं झालं. त्यांनी एक जुडी त्याच्याकडे सरकवली. तो उंबऱ्यावर बसला आणि पानं काढायला लागला. मी स्वयंपाकघरात भांडी घासायचं नाटक करत कान देऊन उभी.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, मार्कांचा राग आलाच नव्हता. मार्क कमी पडणार हे त्याला पेपर दिला तेव्हाच माहीत होतं. वर्गात सगळ्यांचे मार्क मोठ्याने वाचून दाखवले आणि त्याचे वाचल्यावर मागच्या बाकावरचे हसले. त्यातले दोघं त्याचे मित्र.

"मग राग नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "ओशाळलास तू."

त्याला शब्द माहीत नव्हता. म्हणाला, "म्हणजे वेट्कम्?" त्या म्हणाल्या, वेट्कम् तर लाजेचा झाला, नवऱ्या मुलीलाही येतो तो. अवमानम् त्यातल्या त्यात जवळचा. मग आजी आणि नातू बराच वेळ याच गोष्टीवर बोलत राहिले की चार लोक हसले तर होतो तो अपमान, आणि त्या हसण्याने आपलं आपल्यालाच कसंनुसं झालं तर ते ओशाळणं. परातीतला पाला संपला तेव्हा त्याचा चेहरा पुष्कळ निवळला होता. गणिताचे मार्क अर्थातच तेवढेच होते.

यात आजीच्या प्रेमाची जादू वगैरे काढू नका. प्रेम मीही कमी करत नाही. त्यांनी दोन गोष्टी केल्या ज्या मी केल्या नव्हत्या: थांबल्या, आणि त्याला नेमका शब्द दिला. या दुसऱ्या गोष्टीबद्दल आज जरा सविस्तर बोलायचं आहे.

अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅन घेतलं. त्यांनी त्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, जो धोक्याची घंटा वाजवतो, तुलनेने शांत राहिला. विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र जास्त कामाला लागला. कपाळामागचा हा भाग पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो हे तुम्ही अनेकदा वाचलं असेल. म्हणजे आपल्या दहावीतल्या मुलाची घंटा जोरात वाजते आणि ती बंद करणारा माणूस अजून शिकाऊ आहे. शब्द दिला की त्या शिकाऊ माणसाच्या हातात काहीतरी येतं.

दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. एरिक नुक आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली पाच ते पंचवीस वर्षं वयाच्या मुलामुलींना चित्रं दाखवून 'तुला आत्ता काय वाटतंय' ते विचारलं. आपल्या भावना वेगवेगळ्या ओळखता येणं लहान मुलांमध्ये चांगलं दिसलं, मोठ्यांमध्येही चांगलं दिसलं आणि मधल्या किशोरवयात ते खाली गेलेलं दिसलं. लहान मुलाला एका वेळी एकच काहीतरी वाटतं. किशोरवयात राग, शरम, हेवा, भीती सगळं एकदम येतं आणि त्याचा गोळा होतो. त्यामुळे "तुला काय झालंय?" या प्रश्नावर "काही नाही" हे उत्तर येतं, तेव्हा ते खोटं असेलच असं नाही. त्याला खरोखर सांगता येत नसतं.

आणि आपण त्याला शब्द तरी किती देतो? माझ्या मुलाच्या मित्रांचं बोलणं मी आठवडाभर नीट ऐकलं. 'टेन्शन', 'बोअर', 'मूड ऑफ' आणि तमिळमधलं 'कडुप्पा इरुक्कु', म्हणजे वैताग आलाय. चार डबे. आयुष्यात जे काही होतं ते या चारांपैकी एकात कोंबायचं. पुण्या-मुंबईत 'कडुप्पा'च्या जागी दुसरं काहीतरी असेल, डबे तेवढेच.

मराठीत बघा. चिडणं वेगळं, चरफडणं वेगळं. चरफडण्यात आपल्याला काही करता येत नाही याची जळजळ असते. धुसफुसणारा आतल्या आत बोलत असतो. रुसणारा माणूस कुणीतरी समजूत काढायला येईल याची वाट पाहत असतो. त्याला एकटं सोडलं तर आपण चूक करतो आणि खरोखर संतापलेल्याची समजूत काढायला गेलो तरी चूक करतो. हिरमुसणं, खट्टू होणं, बावरणं, धास्तावणं, मनाची घालमेल, जिवाची तगमग. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे यातले बहुतेक शब्द अजून आहेत. आमच्या घरात तर तमिळचीही भर पडते. 'पोरामै' म्हणजे हेवा. 'एक्कम्' म्हणजे हवंहवंसं काही मिळत नाही म्हणून लागून राहिलेली ओढ. त्याला मराठीत नेमका काय शब्द, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यांची यादी केली. स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या मनात शिरणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, नीट बोलता येणं, नाती जपणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, भावनांना तोंड देणं आणि ताणाला तोंड देणं. यादी उत्तम आहे. तिचा शाळेत एक तास होतो, एक तक्ता होतो आणि कधीकधी एक चाचणीही होते, तिथे माझं जरा हसू निघतं. सहानुभूतीत दहापैकी सात मार्क! खरं सांगायचं तर ही कौशल्यं पोहण्यासारखी असतात. पाण्यात शिरल्याशिवाय येत नाहीत, आणि शिरताना काठाला कुणीतरी लागतं.

तंजावरात राहून हे लिहितेय म्हणून एका मुलाची आठवण निघणं साहजिक आहे. सरफोजीराजे दुसरे. जन्म १७७७. तुळजाजीराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. मुलगा दहा वर्षांचाही झालेला नव्हता. दत्तकविधान ईस्ट इंडिया कंपनीने अमान्य केलं आणि तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग गादीवर बसले. ज्याच्यामुळे आपली गादी धोक्यात येऊ शकते असा मुलगा त्यांच्या वाड्यात, त्यांच्याच ताब्यात. त्याला अडकवून ठेवलं गेलं, त्याच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झालं. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी तेव्हा तंजावरात होते आणि तुळजाजींनी मुलाचा हात त्यांच्या हाती देऊ केला होता. त्यांनी मद्रासच्या सरकारकडे सारख्या तक्रारी केल्या, मुलाला शिकवण्याची परवानगी मिळवली आणि शेवटी १७९३ मध्ये त्याला तुळजाजींच्या राण्यांबरोबर मद्रासला हलवायला लावलं. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याकडे त्याचं शिक्षण झालं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले तेव्हा ते एकविसाव्या वर्षात होते. म्हणजे आपल्या मुलांची पाचवी ते कॉलेज ही जी वर्षं, ती सगळी या मुलाने कधी भीतीत, कधी परक्या शहरात काढली.

राजकारण बाजूला ठेवते. मला त्यात दिसतो तो एक मोठा माणूस, जो वर्षानुवर्षं त्या मुलासाठी येत राहिला. इथल्या शिवगंगा बागेशेजारच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. सरफोजीराजांनी ते इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करून घेतलं. मरणशय्येवर श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरून उभे असलेले राजे. सरफोजींनी आपला धर्म बदलला नाही, मिशनरी गुरूशी नातं मात्र असं दगडात कोरून ठेवलं. मुलाला घेऊन मी तिथे गेले होते. त्याचं लक्ष राजांच्या पागोट्याकडे जास्त होतं.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला आणि आजूबाजूचा थोडा भाग तेवढा उरला. हा अपमान थोडाथोडका नव्हता. त्यानंतर या माणसाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, धन्वंतरी महालात वैद्यांकडून औषधांचे प्रयोग करवले, डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या, नवविद्येच्या शाळा काढल्या. देवनागरी खिळ्यांचा छापखानाही काढला. त्या छापखान्यातून १८०६ साली 'बाळबोध मुक्तावली' निघाली. इसापच्या गोष्टींचं हे मराठी भाषांतर सख्खण पंडितांचं. मराठी मुलांसाठी गोष्टींचं छापील पुस्तक महाराष्ट्राच्या आधी तंजावरात निघालं, हे मी माहेरी सांगते तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही.

इसाप इथे उगीच आणलेला नाही. द्राक्षं हाती न आलेला कोल्हा ती आंबट म्हणतो, तेव्हा मूल हसतं. हसताना स्वतःच्या निराशेकडे जरा लांबून बघतं. पंधरा वर्षांच्या मुलाला कोल्हा चालत नाही, तो लहान मुलांचा. त्याला सिनेमातला हिरो चालतो, क्रिकेटपटू चालतो. "तुला काय वाटलं?" यापेक्षा "त्या सीनमध्ये त्याला काय वाटलं असेल? रागच होता का तो?" हा प्रश्न आमच्या घरात कितीतरी जास्त चालतो. गाडीत, शेजारी बसून, समोरासमोर नव्हे. उत्तर हिरोबद्दल सुरू होतं आणि बऱ्याचदा गणिताच्या वर्गात येऊन थांबतं.

लांबून बघण्याची आणखी एक रीत या घरात जुनी आहे. सासूबाई 'मनाचे श्लोक' म्हणतात. तंजावरात समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ आहे, रामदासी परंपरा इथे चांगली रुजली. दोनशे पाच श्लोक, आणि समर्थ बोलतात कुणाशी, तर मनाशी. मनाला हाक मारून, समजावून, कधी दटावून. मी भक्तीच्या अंगाने सांगत नाहीये. इथन क्रॉस यांनी २०१४ साली दाखवलं की ताणाच्या प्रसंगी माणूस स्वतःशी 'मी' म्हणून बोलण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून बोलला तर त्याची घालमेल कमी होते आणि तो प्रसंग जास्त बरा हाताळतो. माझ्या मुलाला श्लोक पाठ नाहीत. तिमाहीनंतरच्या पहिल्या गणिताच्या चाचणीला मात्र त्याने पेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने स्वतःचं नाव आणि पुढे 'पोरुमै' लिहिलं होतं. पोरुमै म्हणजे धीर. सरांनी त्यावर लाल प्रश्नचिन्ह काढलं.

एक चूक मात्र करू नका. भावना सांभाळणं म्हणजे भावना न येणं, असं मुलाला कधी सांगू नका. पेरिय कोविलच्या बाहेर, तुम्ही म्हणता त्या बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाबाहेर, तंजावरची बाहुली मिळते. राजा-राणीची जोडी, खाली गोल बूड. ढकललं की आडवी होते, हात काढला की डुलत डुलत उभी राहते. मुलाला विचारलं, ही पडत का नाही? तो म्हणाला, पडते की. बुडाशी वजन आहे, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली, म्हणून परत येते. गणितात कमी असला तरी भौतिकशास्त्र बरं आहे म्हणायचं.

झोपेबद्दल एकच सांगते. या वयाला आठ ते दहा तास लागतात. पहाटे साडेपाचच्या ट्यूशनला जाणाऱ्या मुलाकडून संध्याकाळी शहाणपणाची अपेक्षा करू नये. आमची ट्यूशन आम्ही बंद केली. ते गणितासाठी चुकलं की बरोबर होतं ते सहामाहीत कळेल.

आता जरा गंभीर. पाला निवडून सगळं निवळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, त्याखालोखाल तमिळनाडूत. माझी दोन्ही घरं. मूल दोन आठवड्यांहून जास्त गप्प गप्प असेल, आवडीच्या गोष्टी सोडून दिल्या असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, स्वतःला इजा करत असेल, 'मी नसलो तर बरं' अशा अर्थाचं काही थट्टेतही बोलत असेल, तर शब्द शोधत बसू नका. सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का तुला?" असं विचारल्याने ते डोक्यात येत नाही, आधीच आलेलं असलं तर बाहेर यायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठी आणि तमिळसह अनेक भाषांत. तमिळनाडूत १०४ वरही विद्यार्थ्यांशी बोलतात. हे क्रमांक आमच्या फ्रिजवर आहेत, आणि मुलाच्या फोनमध्ये त्याने स्वतः टाकलेत.

कंपासपेटीच्या गोष्टीत पुढे काय झालं ते राहिलंच. शाळेत जाऊन भांडायची माझी तयारी होती. मुलाने नको सांगितलं. दोन दिवसांनी तो स्वतः वर्गशिक्षकांकडे गेला आणि म्हणाला, माझे मार्क मला कागदावर द्या, वाचू नका. ते म्हणाले, पाहू. त्या दोन मित्रांपैकी एकाशी बोलणं सुरू झालंय, दुसऱ्याशी नाही. भिंतीचा पोपडा तसाच आहे, पोंगलला रंग काढू तेव्हा भरू.

फ्रिजवर आणखी एक कागद आहे. त्यावर घरातला जो कुणी भावनेचा नवा शब्द वापरेल त्याने तो लिहायचा. पहिला शब्द सासूबाईंचा, 'ओशाळणे'. माझा 'चरफड', तो मी कशावरून लिहिला हे इथे सांगत नाही. शेवटचा मुलाचा, 'एक्कम् = हुरहुर?', प्रश्नचिन्हासकट. सासूबाईंना ते मान्य नाही. त्यांच्या मते हुरहुरीत थोडी भीतीही असते, एक्कम्मध्ये फक्त ओढ. बेळगाव, इंदूर, बडोदा, जिथून तुम्ही हे वाचत असाल तिथे याला काही वेगळा शब्द असेल तर कळवा. कागदावर अजून जागा आहे.